बाबासाहेबांचं १२५ रुपयांचं नाणं दुकानात चालेल का? स्मारक नाणी आणि रोजची नाणी

शिवराई

बाबासाहेबांच्या १२५व्या जयंतीनिमित्त सरकारने दोन नाणी काढली. ६ डिसेंबर २०१५ ला दिल्लीत एकाच कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते ती प्रसिद्ध झाली. एक १० रुपयांचं, एक १२५ रुपयांचं. मला स्मारक नाण्यांबद्दल कुणी विचारलं की मी या जोडीपासूनच सुरुवात करतो, कारण सगळा गोंधळ आणि सगळा उलगडा त्यात आहे.

१० रुपयांचं नाणं नेहमीच्या दहाच्या नाण्यासारखंच. दोन धातूंचं, २७ मिलिमीटर व्यासाचं, ७.७१ ग्रॅम वजनाचं. फक्त एका बाजूला बाबासाहेबांचा चेहरा. हे बँकांतून बाजारात आलं, भाजीवाल्याकडे गेलं, बसच्या तिकिटाला गेलं. किंमत १० रुपये. उद्या तुमच्या हातात आलं तरी १० रुपयेच.

१२५ रुपयांचं नाणं ४४ मिलिमीटरचं, ३५ ग्रॅमचं. त्यात निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. हे बँकेच्या खिडकीवर कधीच आलं नाही. सरकारी टांकसाळीकडे आगाऊ पैसे भरून, पेटीत बंद केलेलं, पोस्टाने घरी येतं. आणि त्यासाठी १२५ रुपयांपेक्षा पुष्कळ जास्त मोजावे लागतात.

प्रसंग एक, माणूस तोच, दोन्हींवर अशोकस्तंभ, दोन्हींवर रुपयांत मूल्य. दोन्ही कायद्याने 'स्मारक नाणी'. पण एक पैसा म्हणून जगतं आणि दुसरं जपून ठेवण्यासाठीच जन्माला येतं. 'स्मारक नाणं म्हणजे दुर्मिळ, म्हणजे लाखो रुपये' ही जी समजूत पसरली आहे ती हा फरक न कळल्यामुळे, आणि त्यापायी साध्या माणसांचे पैसे बुडताहेत. म्हणून हा धागा.

थोडा कायदा. सध्या लागू आहे तो २०११ चा नाणे कायदा. त्यात स्मारक नाण्याची व्याख्या सरळ आहे: एखाद्या विशिष्ट प्रसंगाची वा घटनेची आठवण म्हणून सरकारने पाडलेलं, भारतीय चलनात मूल्य असलेलं नाणं. नाणं जास्तीत जास्त १००० रुपयांपर्यंतचं पाडता येतं. त्या मर्यादेपर्यंत सरकार पोहोचलेलंही आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली तेव्हा १००० रुपयांचं नाणं निघालं.

मधले आकडे बघा, ते बहुधा वर्षांच्या हिशोबानेच येतात. रिझर्व्ह बँकेच्या ७५ वर्षांचं ७५, रवींद्रनाथांच्या १५०व्या जयंतीचं १५०, गुरू नानकांच्या ५५०व्या प्रकाशपर्वाचं ५५०. ३१ मे २०२५ ला भोपाळमध्ये अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीचं ३०० रुपयांचं नाणं प्रसिद्ध झालं. एवढं ओळखायला पुरे: १, २, ५, १०, २० सोडून वेगळाच आकडा दिसला तर ते नाणं संग्राहकांसाठीचं.

शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर खाली चर्चेत देतो. आधी तुमचे अनुभव आणि प्रश्न येऊ द्या.

---

किराणा_जालना

आमचा प्रश्न खालच्या पातळीवरचा आहे, पण रोजचा आहे. दहाच्या नाण्यावर कधी आंबेडकर, कधी वैष्णोदेवी, कधी योग करणारी आकृती, कधी संसद. कुठे रुपयाचं चिन्ह आहे, कुठे नाही. कडेच्या रेघा कुठे १०, कुठे १५. गिऱ्हाईक म्हणतं घ्या, होलसेलवाला म्हणतो आम्ही घेत नाही. मध्ये आम्ही अडकतो. गल्ल्यात दहाच्या नाण्यांची पिशवी पडून राहते. एकदा काय ते नक्की सांगा, यातलं खोटं कोणतं?

---

कॅशकाउंटर

किराणा भाऊ, बँकेत रोखपाल म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे याचं उत्तर मी देतो. तुम्ही लिहिलेल्यातलं कोणतंही खोटं नाही.

दहाच्या नाण्यांच्या अफवा इतक्या पसरल्या की १७ जानेवारी २०१८ ला रिझर्व्ह बँकेला पत्रक काढावं लागलं. तोवर १४ वेगवेगळ्या नक्ष्यांची दहाची नाणी बाजारात आली होती आणि सगळी वैध आहेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं. १४४४० हा फोन नंबरही दिला, ज्यावर हीच माहिती ध्वनिमुद्रित ऐकता येत असे. रुपयाचं चिन्ह २०११ पासूनच्या नाण्यांवर आलं, त्याआधीच्यांवर नाही, एवढंच त्या फरकाचं कारण. १० आणि १५ रेघांचंही तसंच, नक्षी बदलली, नाणं खरंच.

अफवेचं मूळ माझ्या मते स्मारक नाण्यांतच आहे. नोट बदलली की गाजावाजा होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. नाण्याच्या वेळी रिझर्व्ह बँकेचं चार ओळींचं पत्रक निघतं: अमुक निमित्ताने नवं नाणं लवकरच चलनात येईल, या मूल्याची आधीची नाणीही चालू राहतील. हे पत्रक बाजारात कुणीच वाचत नाही. मग अनोळखी चेहऱ्याचं नाणं दिसलं की पहिला संशय बनावटपणाचा येतो. माणसाची चूक नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

होलसेलवाला नाही म्हणाला तरी बँकेच्या शाखेने नाही म्हणायचं नाही. सर्व मूल्यांची नाणी स्वीकारण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. मोजणं सोपं जावं म्हणून शंभर-शंभरच्या पिशव्या करून न्या. शाखेने अडवलं तर व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्या, तोंडी वाद घालत बसू नका.

---

वादी

'सगळी वैध आहेत' हे बरोबर, पण अर्धंच. नाण्यांच्या वैधतेला कायद्यात मर्यादा आहे. १ रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात १००० रुपयांपर्यंतच वैध चलन आहेत. ५० पैशांची १० रुपयांपर्यंत. म्हणजे मी तुम्हाला ५००० रुपये देणं लागतो आणि पाचही हजार नाण्यांत आणून ओतले, तर तुम्ही कायद्याने नाही म्हणू शकता. नोटांना अशी मर्यादा नाही.

दुसरं, नाणी रिझर्व्ह बँकेची नसतातच. नोटा तिच्या, नाणी भारत सरकारची. टांकसाळी पाडतात, रिझर्व्ह बँक फक्त वितरित करते. म्हणून एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची नव्हे, वित्त सचिवांची सही असते. ती नोट कायद्याच्या दृष्टीने नाण्याच्याच पंक्तीत बसते.

---

मेधा_नगर

शिवराई दादा, माझा प्रश्न घरगुती आहे. सासऱ्यांच्या कपाटात एक डबा निघाला. यादी देते:

इंदिरा गांधींचं जाड ५ रुपयांचं, एशियाडचं २५ पैशांचं, गांधीजींचं पिवळं २० पैशांचं, गांधीजींचंच १० रुपयांचं मोठं चांदीसारखं (१८६९–१९४८ लिहिलेलं), ज्ञानेश्वर माऊलींचा एक रुपया, टिळकांचं ५ रुपयांचं, राजाचा मुखवटा असलेला जुना रुपया, आणि एका बाजूला रामपंचायतन असलेलं '१८१८, ईस्ट इंडिया कंपनी' असं नाणं.

दिरांनी यातल्या काहींचे फोटो एका साइटवर टाकले. लगेच एकाचा फोन आला. रामाच्या नाण्याचे साडेनऊ लाख देतो, पण आधी 'रिझर्व्ह बँकेची नोंदणी फी' भरा म्हणाला. दीर भरायला निघाले होते, मी थांबवलं आहे. कृपया लवकर सांगा.

---

शिवराई

मेधाताई, तुम्ही थांबवलंत हे फार चांगलं केलंत. एक पैसाही भरू नका आणि तो नंबर सायबर पोलिसांना कळवा (१९३०). रिझर्व्ह बँक जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदीविक्रीत नाही, त्यावर फी, कमिशन, कर काही घेत नाही आणि तिने कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून असे प्रकार चालू आहेत म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये तिने सार्वजनिक इशाराच दिला होता. खरा ग्राहक विकणाऱ्याकडून आधी पैसे मागत नाही, त्याला पैसे द्यायचे असतात.

आता डबा.

रामपंचायतनाचं नाणं: हे नाणंच नाही. ईस्ट इंडिया कंपनीने राम, हनुमान, लक्ष्मी असलेली अशी नाणी कधीही पाडली नाहीत. जत्रेत, देवस्थानाबाहेर विकण्यासाठी नंतरच्या काळात केलेले हे बिल्ले आहेत. कुणी १८१८, कुणी १६१६, वाटेल ते साल घालतं, 'यूकेएल' अशी अक्षरं असतात. देव्हाऱ्यात श्रद्धेने ठेवा, पण त्याला बाजारभाव नाही. फसवणुकीत सर्वात जास्त वापरली जाणारी वस्तू हीच.

राजाचा रुपया: यात बहुधा चांदी आहे, पण साल बघा. १९४० च्या आधीच्या रुपयात जवळजवळ ९२ टक्के चांदी, वजन एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धात चांदी आटली तेव्हा १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आणली. निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वर मी बाबासाहेबांच्या १२५ रुपयांच्या नाण्यात जे प्रमाण लिहिलं, तेच हे. एका काळी टंचाईपायी केलेला मिश्रधातू आज पेटीतल्या खास नाण्यांसाठी वापरला जातो, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. आणि तुमच्या डब्यातला तो रुपया मात्र स्मारक नाणं नव्हे. राजा तेव्हा गादीवर होता म्हणून त्याचा मुखवटा, ते त्या काळचं रोजचं चलन.

गांधीजींचं १० रुपयांचं: जन्मशताब्दीचं, १९६९ चं. १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम चांदी त्यात आहे. तुमच्या डब्यातलं खरं मोलाचं स्मारक नाणं हेच. दुर्मिळ नाही, पण निदान चांदीचा भाव त्याला कायम आहे. त्या शताब्दीला एकूण चार मूल्यांची नाणी निघाली: १० रुपये, १ रुपया, ५० पैसे आणि तुमच्याकडे आहे ते पिवळं २० पैसे.

आता ते २० पैसे आणि एशियाडचे २५ पैसे. ही दोन्ही स्मारक नाणी, दोन्ही एके काळी बाजारात फिरली, आणि आज दोन्ही चलनातून बाद. २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून वैध राहिली नाहीत. त्यात स्मारक नाण्यांना सवलत मिळाली नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण 'स्मारक नाणं कधी बाद होत नाही' असं लोक छातीठोकपणे म्हणतात. मूल्य बाद झालं की त्या मूल्याचं स्मारक नाणंही बाद.

माऊली (१९९९), टिळक (२००७), इंदिराजी: तिन्ही आजही वैध, दर्शनी किमतीला. चांगल्या अवस्थेत असतील तर संग्राहक थोडे जास्त देतात. चेहरा झिजला असेल तर पाचाचे पाचच.

---

सुमन_वाई

वाचताना एक आठवलं. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला सराफाकडून आणलेलं लक्ष्मीचं चांदीचं नाणं असतं, आणि सासूबाईंच्या वेळचे राणीछाप रुपये असतात. दोन्हींना आम्ही नाणीच म्हणतो. मग सराफाचं ते नाणं स्मारक नाण्यात मोडतं का?

---

शिवराई

नाही, सुमनताई. त्यावर रुपयांत मूल्य नाही आणि ते सरकारने पाडलेलं नाही. ती चांदीची मुद्रा, पदक म्हणा हवं तर. तोच नियम २०१५ मध्ये आलेल्या अशोकचक्राच्या सोन्याच्या 'इंडियन गोल्ड कॉइन'लाही. ते टांकसाळीत घडतं, शुद्धतेची हमी आहे, तरीही त्यावर रुपयांत मूल्य नाही म्हणून ते चलन नव्हे. राणीछाप रुपया मात्र खरं नाणं, त्याच्या काळात त्याने धान्य विकत मिळत होतं.

---

हायडेलबर्गकर

इकडे युरोपात हा फरक कायद्यातच नीट बांधला आहे, म्हणून लिहितो. २००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिकच्या वेळी ग्रीसने पहिलं २ युरोचं स्मारक नाणं काढलं, तेव्हापासून प्रत्येक देश काढतो. ही नाणी युरो वापरणाऱ्या सगळ्या देशांत चालतात. पण संग्राहकांसाठीची जी वेगळ्या मूल्याची नाणी असतात, ती फक्त काढणाऱ्या देशातच वैध. जर्मनीने २०१६ मध्ये निळ्या प्लास्टिकच्या कड्याचं ५ युरोचं पृथ्वीचं नाणं काढलं. जर्मनीत ते वैध चलन आहे, सीमेपलीकडे फ्रान्समध्ये गेलं की नाही.

आपल्याकडे १० आणि १२५ रुपयांच्या नाण्यांत कायदा असा काही भेद करतो का?

---

शिवराई

करत नाही, आणि शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. आपल्या कायद्यात पेटीतलं १२५ रुपयांचं नाणंही तितकंच वैध चलन. कागदावर तुम्ही ते देऊन १२५ रुपयांचं वाणसामान घेऊ शकता. प्रत्यक्षात दुकानदाराने असं नाणं कधी पाहिलेलंच नसतं, आणि मी त्याला दोष देणार नाही.

पण कुणी तसं करणारही नाही, कारण हिशोब बसत नाही. ३५ ग्रॅममध्ये साडेसतरा ग्रॅम चांदी. चांदीचा भाव किलोला १ लाख धरला तरी १,७५० रुपयांची नुसती चांदी झाली. २०२५ मध्ये भाव त्याही वर गेला होता. १,७५० ची चांदी १२५ ला कोण देईल?

इथे रोजच्या नाण्याचा आणि या नाण्याचा खरा भेद दिसतो. रोजच्या नाण्यात धातू दर्शनी किमतीपेक्षा स्वस्त असावा लागतो, नाहीतर लोक ते वितळवतात. पाचाचं जुनं जाड, ९ ग्रॅमचं नाणं आठवतं ना? धातूचा भाव वाढला तशी ती नाणी गोळा करून वितळवली जाऊ लागली आणि पुढे पोलादाचं हलकं नाणं आलं. पेटीतल्या नाण्यात उलट, दर्शनी किंमत ही फक्त त्याला नाणं म्हणवून घेण्यापुरती. (आणि हो, चांदी महाग झाली म्हणून कुणी यातलं नाणं मुशीत घालू नये. नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.)

---

वादी

मग मला थेट विचारायचं आहे. दर्शनी किमतीच्या कितीतरी पट पैसे घेऊन सरकारने नाणं विकावं का? चलन म्हणून ते फिरणार नाही हे सरकारला माहीत, घेणाऱ्यालाही माहीत. मग त्याला चलन का म्हणायचं? पदक म्हणून विका.

---

शिवराई

वादी, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि जगभरचे संग्राहक त्यावर भांडतात. माझं मत सांगतो. चांदी, घडणावळ, पेटी यांचे पैसे घेण्यात मला गैर वाटत नाही. प्रूफ नाण्याचे, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्याचे, ठसे घासून आरशासारखे केलेले असतात, एकेक नाणं एकापेक्षा जास्त वेळा ठोकलेलं असतं, म्हणून पार्श्वभूमी चकचकीत आणि चेहरा दुधी दिसतो. रोजचं नाणं यंत्रातून पोत्यात पडतं, तशी ही वस्तू नाही.

मला खटकतं ते वेगळंच. नाण्यावरचा माणूस लोकांच्या हातात पोहोचला पाहिजे. १९६४ मध्ये नेहरू गेल्यावर स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी निघाली ती १ रुपया आणि ५० पैशांची, कुणाच्याही खिशात जातील अशी. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं १९९० चं नाणं १ रुपयाचं होतं. १९९९ मध्ये शिवछत्रपतींचं २ रुपयांचं आलं, पुढे तुकोबांचंही २ रुपयांचं. खेड्यातल्या पोराने ते मुठीत धरून गोळ्या-बिस्किटं आणली असतील. अलीकडे कितीतरी नाणी फक्त पेटीत येतात. समारंभात झळकतात आणि मोजक्या संग्राहकांच्या कपाटात जातात. अहिल्यादेवींचं ३०० रुपयांचं नाणं चौंडीतल्या किती लोकांनी हातात घेतलं असेल? त्याच्या जोडीला ५ किंवा १० रुपयांचं साधं नाणं हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन पाडला, आणि तांब्याची शिवराईही पाडली. होन किती जणांनी पाहिला असेल? शिवराई मात्र पुढे दोनेकशे वर्षं बाजारात फिरली, इंग्रजी अमलातही लोक ती वापरत होते. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं घराघरांत गेली ती तांब्याच्या त्या पैशामुळे. म्हणून मी हे सदस्यनाम घेतलं आहे.

---

कॅशकाउंटर

पूर्ण सहमत. एक जोडतो. ६ जून २०२२ ला 'आझादी का अमृत महोत्सव'च्या बोधचिन्हाची १, २, ५, १० आणि २० रुपयांची नाणी आली. ती फिरण्यासाठीच काढली आहेत, अंध व्यक्तींनाही ओळखता येतील अशी. आत्ता खिशातली सुटी नाणी बघा, कदाचित एखादं सापडेल. ते स्मारक नाणंच आहे.

---

मेधा_नगर

सगळ्यांचे आभार. दिरांनी पैसे भरले नाहीत, तक्रारही नोंदवली. आता एकच. डबा नीट ठेवायचा आहे. सासूबाई म्हणतात चिंच-मीठ लावून घासू, लख्ख निघतील. घासू का? आणि नाणं कुठल्या टांकसाळीचं ते कसं कळतं?

---

शिवराई

घासू नका, मेधाताई! चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, काहीच नको. घासलं की वरचा मूळ पापुद्रा जातो, बारीक ओरखडे पडतात आणि संग्राहक भिंगातून ते लगेच ओळखतो. चांदीवर आलेला काळसर-निळसर रंग राहू द्या. सासूबाईंना सांगा की नाण्याचं वय त्या रंगातच दिसतं. अगदीच धूळ-चिकटा असेल तर साध्या पाण्यात बुडवून, मऊ कापडाने नुसतं टिपून घ्या.

धरताना कडेने धरा. बोटांचा घाम धातूवर कायमचा ठसा उठवतो. रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. मऊ प्लास्टिकचे स्वस्त अल्बम टाळा, काही वर्षांनी नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. पीव्हीसी नसलेले कप्पे मागून घ्या.

टांकसाळ सालाच्या खाली बघायची. मुंबईची खूण पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. काहीच खूण नसेल तर कोलकाता. तुमच्या टिळकांच्या नाण्यावर काय दिसतं ते कळवा.

नाशिककडे जाणं झालं तर त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था बघा, आणि मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. सासूबाईंनाही घेऊन जा.

---

मेधा_नगर

भिंग नव्हतं, मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघितलं. टिळकांच्या नाण्यावर चौकट आहे, म्हणजे मुंबई. माऊलींच्या रुपयाचं साल नीट वाचता येतंय, पण खाली खूण आहे की झीज, ते ठरत नाही. उद्या उजेडात फोटो काढून इथे टाकते.